संख्याशास्त्रीय विश्लेषण आराखडा (रुग्णांच्या चिंतेवरील यादृच्छिक अभ्यास)

रुग्णांच्या चिंतेवरील यादृच्छिक अभ्यासाचा संख्याशास्त्रीय विश्लेषण आराखडा हा अभ्यासात जमा होणाऱ्या माहितीचे विश्लेषण कसे करायचे, हे ती माहिती हाती येण्यापूर्वीच ठरवून ठेवणारा लेखी दस्तऐवज असतो. शस्त्रक्रिया, भूल, एमआरआय तपासणी, दंतोपचार किंवा कर्करोगावरील उपचार यांना सामोरे जाणाऱ्या रुग्णांची चिंता एखाद्या उपायाने कमी होते का, हे पाहण्यासाठी रुग्णांची दोन किंवा अधिक गटांत विभागणी केली जाते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याच्या किंवा रुग्णाच्या पसंतीवर न ठेवता योगायोगावर सोपवले जाते. यालाच यादृच्छिक वाटप म्हणतात. आराखड्यात अभ्यासाचा नेमका प्रश्न, चिंता मोजण्याची मापनी, मोजणीची वेळ, रुग्णसंख्येचे गणित, गटांच्या तुलनेची पद्धत आणि अपूर्ण नोंदींची व्यवस्था यांचा समावेश असतो.

रक्तातील साखर किंवा रक्तदाब यांच्याप्रमाणे चिंता उपकरणाने थेट मोजता येत नाही. ती रुग्णाच्या सांगण्यावरून मोजली जाते, त्यासाठी अनेक मापन्या उपलब्ध आहेत आणि मोजणी अनेक वेळा करता येते. त्यामुळे एकाच अभ्यासाच्या माहितीतून विश्लेषणाचे पुष्कळ मार्ग निघतात. निकाल पाहून त्यांपैकी सोयीचा मार्ग निवडला गेला, तर निरुपयोगी उपायही गुणकारी भासू शकतो. अशा निष्कर्षावर विसंबून रुग्णांना अनावश्यक शामक औषधे दिली जाण्याचा किंवा धीर देण्याचा एखादा साधा व उपयुक्त मार्ग सोडून दिला जाण्याचा धोका असतो. आराखडा आधी लिहून ठेवण्यामागील मुख्य हेतू हा धोका टाळणे हा आहे.

पार्श्वभूमी

यादृच्छिक वाटपाचे तत्त्व प्रथम शेतीच्या प्रयोगांत रुजले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ व १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून या तत्त्वाची मांडणी केली. वैद्यकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध केली. १०७ रुग्णांच्या या चाचणीची यादृच्छिक रचना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केली होती आणि आधुनिक वैद्यकीय चाचण्यांचा ती आदर्श मानली जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी बोलण्याचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही जुने आहेत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर वेदना कशा होतील व त्या कशा सोसाव्यात, हे ज्यांना आधी समजावून सांगितले होते, त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधे सुमारे निम्मीच लागली, असे त्यात आढळले. त्यानंतर संगीत, माहितीपुस्तिका, माहितीपट, परिचारिकेशी संवाद, श्वसनाचे व्यायाम, आभासी वास्तवाची उपकरणे आणि शामक औषधे अशा अनेक उपायांवर चाचण्या झाल्या.

चाचण्यांची संख्या वाढत गेली, तशी विश्लेषणाच्या शिस्तीची गरज जाणवू लागली. औषधांच्या नियमनासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण परिषदेने १९९८ साली चाचण्यांच्या संख्याशास्त्रीय तत्त्वांवरील 'ई ९' ही मार्गदर्शिका स्वीकारली. चाचणीचा मूळ आराखडा आणि विश्लेषणाचा स्वतंत्र, अधिक तपशीलवार आराखडा यांतील फरक तिच्यात स्पष्ट केला आहे. या मार्गदर्शिकेची पुरवणी २०१९ साली स्वीकारली गेली. विश्लेषण आराखड्यात किमान कोणत्या बाबी असाव्यात, याची ५५ कलमांची शिफारस २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

चिंतेचे मापन

आराखड्यातील पहिला निर्णय मापनीचा असतो. चार्ल्स स्पीलबर्गर व सहकाऱ्यांनी १९७० साली तयार केलेली आणि १९८३ साली सुधारलेली स्टेट-ट्रेट अँक्झायटी इन्व्हेंटरी ही या क्षेत्रात फार वापरली जाते. तिचे दोन भाग आहेत. एक भाग त्या क्षणीची चिंता मोजतो, तर दुसरा स्वभावतः चिंता करण्याची प्रवृत्ती मोजतो. प्रत्येक भागात २० विधाने असून प्रत्येकाला १ ते ४ गुण मिळतात. म्हणून एका भागाचे गुण २० ते ८० या मर्यादेत राहतात. तिच्या पहिल्या भागातील सहा विधानांची संक्षिप्त आवृत्ती १९९२ साली प्रसिद्ध झाली.

झिग्मंड व स्नेथ यांच्या १९८३ सालच्या हॉस्पिटल अँक्झायटी अँड डिप्रेशन स्केल या मापनीत १४ प्रश्न आहेत. त्यांपैकी ७ चिंतेचे असून त्यांचे गुण ० ते २१ असतात. खास भूल व शस्त्रक्रिया यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये तयार झालेली ॲम्स्टरडॅम मापनी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सहाच प्रश्न आहेत. चार चिंतेचे व दोन माहितीच्या गरजेचे. याखेरीज १०० मिलिमीटर लांबीच्या रेषेवर रुग्णाने स्वतः खूण करण्याची सोपी रीतही रूढ आहे.

माहितीपटाने किंवा संगीताने काही मिनिटांत होणारा परिणाम पाहायचा असेल, तर त्या क्षणीची चिंता मोजणारी मापनी आवश्यक ठरते. गेल्या आठवड्यातील मनःस्थिती विचारणाऱ्या मापनीला असा बदल टिपता येत नाही. स्वभावगत चिंतेचे गुण मात्र उपायाने बदलण्याची अपेक्षा नसते. ते रुग्णाची पार्श्वभूमी म्हणून नोंदवले जातात.

गुण देण्याचा नियमही आराखड्यात लिहावा लागतो. स्पीलबर्गर यांच्या मापनीच्या पहिल्या भागात १० विधाने शांततेची, निवांतपणाची आहेत. बेरजेपूर्वी त्यांचे गुण उलटे करावे लागतात. ते राहून गेले, तर शांत रुग्णही चिंताग्रस्त ठरतो. एखाद्या विधानाचे उत्तर कोरे राहिल्यास बेरीज कशी करायची आणि किती कोऱ्या उत्तरांनंतर ती प्रश्नावली बाद धरायची, हेही आधीच ठरवले जाते.

परभाषेतील मापनी वापरताना केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे ठरत नाही. मराठीत काळजी, चिंता, भीती, धास्ती, धाकधूक आणि हुरहुर या शब्दांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. काळजी हा शब्द तर आस्था व देखभाल या अर्थांनीही वापरला जातो. म्हणून भाषांतर, त्याचे मूळ भाषेत पुन्हा भाषांतर, रुग्णांकडून आकलनाची पडताळणी आणि विश्वसनीयतेची तपासणी अशा पायऱ्या पार पाडलेली आवृत्तीच वापरावी, अशी अपेक्षा असते. कोणती आवृत्ती वापरली, प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरली की त्याला वाचून दाखवली, याची नोंद आराखड्यात केली जाते.

प्रश्नाची निश्चिती

'माहितीपटाने चिंता कमी होते का?' हा प्रश्न वरवर स्पष्ट वाटतो, परंतु विश्लेषणासाठी तो अपुरा असतो. २०१९ सालच्या पुरवणीनुसार ज्या परिणामाचे अनुमान काढायचे, त्याचे पाच घटक ठरवावे लागतात : रुग्णसमूह, तुलना करावयाचे उपचार, मोजावयाचे फलित, मध्यंतरीच्या घटनांची हाताळणी आणि गटांमधील फरक सांगणारे माप.

उदाहरणादाखल एक अभ्यास कल्पिता येईल. नियोजित शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीची तोंडी माहिती दिली जाते. दुसऱ्या गटाला त्याखेरीज भुलेविषयीचा माहितीपट दाखवला जातो. दाखल होताना एकदा आणि शस्त्रक्रियागृहाबाहेरील प्रतीक्षाकक्षात पुन्हा एकदा त्या क्षणीची चिंता मोजली जाते. प्राथमिक फलित म्हणजे प्रतीक्षाकक्षातील गुण, आणि परिणामाचे माप म्हणजे दोन गटांच्या सरासरी गुणांतील फरक.

या दोन मोजणींच्या मध्ये पुष्कळ गोष्टी घडू शकतात. काही रुग्णांना वॉर्डातच मिडाझोलामसारखे शामक औषध दिले जाते, काही माहितीपट अर्धवट सोडतात, तर काहींची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. शामक औषध मिळालेल्या रुग्णाचे गुण जसे आले तसे धरायचे, औषधाची गरज पडणे हेच अपयश मानायचे, की औषध दिले नसते तर गुण किती असते याचा अंदाज करायचा, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी येऊ शकतात. रुग्णालयाला आपल्या नेहमीच्या व्यवहारात माहितीपटाचा उपयोग होईल का हे जाणून घ्यायचे असेल, तर पहिला प्रश्न योग्य ठरतो. निवड कोणतीही केली, तरी ती निकाल पाहण्यापूर्वी करणे आवश्यक असते.

नमुना आकार

किती रुग्ण घ्यावेत हे चार गोष्टींवर अवलंबून असते : रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असा किमान फरक, गुणांचे प्रमाण विचलन, सार्थकता पातळी आणि चाचणीचे सामर्थ्य. सार्थकता पातळी म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना तो आहे असे ठरण्याची संभाव्यता. सामर्थ्य म्हणजे ठरवलेला फरक खरोखर असताना तो आढळण्याची संभाव्यता.

वरील उदाहरणात ५ गुणांचा फरक महत्त्वाचा मानला, प्रमाण विचलन १० गुण गृहीत धरले, सार्थकता पातळी दुहेरी बाजूने ५ टक्के आणि सामर्थ्य ९० टक्के ठेवले, तर केवळ अंतिम गुणांच्या तुलनेसाठी प्रत्येक गटात ८६ रुग्ण लागतात. सामर्थ्य ८० टक्क्यांवर आणल्यास ६४ पुरतात. परंतु मग असलेला परिणाम नजरेतून निसटण्याची शक्यता १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाते.

सुरुवातीचे गुण विश्लेषणात समाविष्ट केल्यास ही संख्या कमी होते. सुरुवातीच्या व अंतिम गुणांतील सहसंबंध ०.६ असेल, तर आवश्यक संख्येला १ वजा ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.६४ ने गुणले जाते. ८६ ऐवजी ५६ रुग्ण पुरेसे होतात. १० टक्के रुग्णांची अंतिम नोंद मिळणार नाही असे धरले, तर प्रत्येक गटात ६३, म्हणजे एकूण १२६ रुग्ण घ्यावे लागतात. सहसंबंधाचा अंदाज फाजील असेल, तर अभ्यास दुबळा ठरतो. म्हणून असे अंदाज कशावरून केले, हे आराखड्यात नमूद करतात. गरजेपेक्षा लहान अभ्यास हा केवळ तांत्रिक दोष मानला जात नाही. उत्तर मिळण्याची शक्यता नसताना आजारी माणसांचा वेळ व सहकार्य घेतल्यामुळे तो नैतिक दोषही ठरतो.

मुख्य विश्लेषण

सुरुवातीच्या गुणांचा वापर

सुरुवातीचे व नंतरचे असे दोन्ही गुण हाती असताना तुलना तीन प्रकारे करता येते : केवळ अंतिम गुणांची, दोन्ही गुणांतील फरकाची, किंवा सुरुवातीचे गुण विचारात घेऊन अंतिम गुणांची. तिसऱ्या पद्धतीला सहप्रचरण विश्लेषण म्हणतात. तिच्यात सारख्याच चिंतेने सुरुवात केलेल्या दोन गटांतील रुग्णांमध्ये शेवटी किती फरक राहतो, याचा अंदाज केला जातो.

दोन्ही वेळच्या गुणांचे प्रचरण समान मानल्यास या पद्धतींचा काटेकोरपणा पडताळता येतो. अंतिम गुणांचे प्रचरण १ धरले आणि सहसंबंध ०.६ असला, तर फरकाचे प्रचरण ०.८ आणि सहप्रचरण विश्लेषणातील उरलेले प्रचरण ०.६४ येते. सहसंबंध ०.५ पेक्षा कमी असल्यास फरक काढणे हे केवळ अंतिम गुण वापरण्यापेक्षाही वाईट ठरते. व्हिकर्स व ऑल्टमन यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात सहप्रचरण विश्लेषणाची शिफारस केली. टक्केवारीत घट मोजण्याची रीत मात्र टाळावी असे सांगितले जाते.

प्रत्येक गटात आधी व नंतर अशी स्वतंत्र तुलना करून, एका गटात घट सार्थ आहे व दुसऱ्यात नाही, म्हणून उपाय गुणकारी आहे, असा निष्कर्ष काढणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे. ज्यांची चिंता जास्त आहे अशांनाच अभ्यासात घेतले, तर दुसऱ्या मोजणीत त्यांचे सरासरी गुण कोणत्याही उपायाविना खाली येतात. एखादा रुग्ण पहिल्या मोजणीच्या वेळी योगायोगाने अधिक अस्वस्थ असतो आणि पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडील व मुले यांच्या उंचीच्या संदर्भात वर्णिलेली ही सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती आहे. ती दोन्ही गटांत सारखीच असते. म्हणून तिच्यापासूनचे संरक्षण दोन गटांच्या थेट तुलनेतच मिळते.

वाटपावेळी रुग्णांचे लिंग, शस्त्रक्रियेचा प्रकार किंवा रुग्णालय यांनुसार स्तर केले असतील, तर ते घटक विश्लेषणातही घेतले जातात. सुरुवातीच्या वैशिष्ट्यांतील फरकांची सार्थकता तपासण्याची प्रथा मात्र अनावश्यक मानली जाते. वाटप योग्य रीतीने झाले असेल, तर असे फरक योगायोगानेच आलेले असतात.

वाटपानुसार विश्लेषण

रुग्णाला ज्या गटात टाकले, त्याच गटात त्याची गणना करावी, मग त्याने प्रत्यक्षात माहितीपट पाहिला असो वा नसो, हे मूलभूत तत्त्व आहे. फार घाबरलेले रुग्णच माहितीपट अर्धवट सोडतात असे असेल, तर त्यांना वगळल्यावर माहितीपटाच्या गटात तुलनेने धीट माणसे उरतात. गटांमधील समतोल ढळतो आणि उपाय आहे त्यापेक्षा चांगला दिसू लागतो. केवळ नियम पाळणाऱ्या रुग्णांचे विश्लेषण करायचे असल्यास ते पूरक म्हणून, आधी जाहीर करून केले जाते.

निकाल सांगताना केवळ सार्थकतेचा आकडा न देता सरासरीतील फरक व त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल देण्याचे बंधन आराखड्यात घातलेले असते. फरक सार्थ नाही याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही. अंतराल रुंद असेल, तर उपयुक्त परिणामाची शक्यताही त्यात सामावलेली असू शकते.

गुणांची छाटणी

गुणांना मर्यादा घालून रुग्णांचे 'चिंताग्रस्त' व 'चिंतामुक्त' असे दोनच वर्ग करणे समजायला सोपे वाटते. परंतु त्यामुळे बरीच माहिती वाया जाते. मध्यकाशी असे दोन भाग केल्यास होणारे सामर्थ्याचे नुकसान एक तृतीयांश रुग्णांची माहिती टाकून देण्याइतके असते. शिवाय मर्यादा निकाल पाहून ठरवली, तर हवा तो निष्कर्ष मिळवता येतो. वर्गवारी आवश्यकच असेल, तर मापनीची प्रस्थापित मर्यादा आधीच नमूद केली जाते.

अपूर्ण नोंदी

प्रतीक्षाकक्षात प्रश्नावली भरण्यापूर्वीच रुग्णाला आत नेले जाणे, थकवा, नकार किंवा शस्त्रक्रिया रद्द होणे अशा कारणांनी नोंदी अपुऱ्या राहतात. नोंद निव्वळ योगायोगाने राहिली की रुग्णाच्या ज्ञात वैशिष्ट्यांशी तिचा संबंध आहे, की ज्या चिंतेची मोजणी करायची होती तिच्यामुळेच ती राहिली, यावर पुढील उपाय ठरतो. चिंतेच्या अभ्यासांत तिसरी शक्यता नेहमी जागी ठेवावी लागते, कारण अतिशय घाबरलेला माणूस प्रश्नावली भरायला नकार देण्याचा संभव अधिक असतो.

शेवटची उपलब्ध नोंद पुढे ओढण्याची जुनी रीत आता सदोष मानली जाते. शस्त्रक्रिया जवळ येते तशी चिंता वाढते. अशा वेळी आदल्या दिवसाचा गुण पुढे ओढणे म्हणजे ती वाढ नाकारणे होय. त्याऐवजी डोनाल्ड रुबिन यांनी विकसित केलेली बहुविध पूरणाची पद्धत किंवा अनेक वेळच्या मोजणींसाठीची मिश्र प्रतिमाने वापरली जातात. बहुविध पूरणात गहाळ गुणांच्या जागी इतर माहितीवरून अनेक संभाव्य गुण भरून तितके संच तयार केले जातात आणि त्यांचे निकाल एकत्र केले जातात. मूळ गृहीतक चुकीचे असल्यास निष्कर्ष किती बदलतो, हे पाहणारे संवेदनशीलता विश्लेषणही आराखड्यात ठरवलेले असते.

अनेक फलिते व उपगट

चिंतेबरोबर वेदना, समाधान, नाडीचा वेग, रक्तदाब, औषधांची मात्रा अशी अनेक फलिते मोजण्याकडे कल असतो. कोणताही परिणाम नसताना ५ टक्के पातळीवर १० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर त्यांपैकी किमान एक सार्थ ठरण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. २० चाचण्यांत ती सुमारे ६४ टक्के होते. म्हणून एकच फलित प्राथमिक म्हणून निवडले जाते आणि उरलेली दुय्यम ठेवली जातात. एकाहून अधिक प्राथमिक फलिते असल्यास बॉन्फेरोनी किंवा होल्म यांच्या पद्धतीने सार्थकता पातळी कडक केली जाते.

उपगटांच्या बाबतीत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या हृदयविकाराच्या चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. १७,१८७ रुग्णांच्या या चाचणीत ॲस्पिरिनचा लाभ निर्विवाद दिसला. तरीही संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवली, तेव्हा मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा काहीच लाभ होत नाही, असे चित्र दिसले. उपगट पुरेसे पाडले की असे निरर्थक अपवाद सापडतातच, हे त्यांना दाखवायचे होते.

चिंतेच्या क्षेत्रात उपगटाचा एक रास्त प्रश्नही आहे : सर्वांना नाही, तरी मुळात फार घाबरलेल्यांना उपायाचा लाभ होतो का? फ्रान्समधील पाच शिक्षण रुग्णालयांत झालेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली लोराझेपामची चाचणी यासाठी महत्त्वाची आहे. ७० वर्षांखालील १,०६२ रुग्णांना लोराझेपाम, बनावट औषध किंवा कोणतेही पूर्वौषध नाही, अशा तीन गटांत विभागले होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या एकंदर अनुभवाच्या गुणांत लोराझेपाममुळे सुधारणा झाली नाही. मुळात अधिक चिंता असलेल्या रुग्णांचे विश्लेषण स्वतंत्रपणे केले असता त्यांच्यातही लाभ आढळला नाही. श्वासनलिकेतील नळी काढण्यास मात्र लोराझेपामच्या गटात अधिक वेळ लागला. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांना शामक गोळी देण्याच्या दीर्घकालीन प्रथेविषयी या निकालाने गंभीर प्रश्न उपस्थित केले.

उपगटांची तुलना करताना प्रत्येक उपगटात वेगळी चाचणी न करता, उपायाचा परिणाम उपगटांगणिक बदलतो का हे तपासणारी परस्परक्रियेची एकच चाचणी केली जाते.

समूहाने दिले जाणारे उपाय

समुपदेशन किंवा विश्रांतीचे वर्ग रुग्णांच्या समूहाला एकत्र दिले जातात, किंवा संपूर्ण वॉर्डच एका गटात टाकला जातो. एकाच वॉर्डातील रुग्णांचे गुण एकमेकांशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे प्रत्येक रुग्ण स्वतंत्र नोंद मानता येत नाही. समूहात २० रुग्ण असले आणि समूहांतर्गत सहसंबंध केवळ ०.०५ असला, तरी लागणारी रुग्णसंख्या १.९५ पट होते. हा घटक विसरल्यास विश्वास अंतराल खोटेच अरुंद येतात.

गोपनीयता, नोंदणी आणि फेरबदल

आराखडा रुग्णांची माहिती गोठवण्यापूर्वी आणि गटांची ओळख उघड होण्यापूर्वी पूर्ण करून त्यावर तारीख व स्वाक्षऱ्या घेतल्या जातात. विश्लेषण करणाऱ्याला गट केवळ 'अ' व 'ब' अशा नावांनी दाखवण्याची पद्धतही आहे. संगीत ऐकणाऱ्या रुग्णापासून तो संगीत ऐकत आहे हे लपवता येत नाही आणि चिंतेचे गुण तर तोच देतो. म्हणून निदान मोजणी करणारा व विश्लेषक यांना तरी गट ठाऊक नसावा, असा आग्रह धरला जातो.

आराखडा लिहिला म्हणजे तो अपरिवर्तनीय होतो, असे नाही. गुणांचे वितरण अपेक्षेपेक्षा फार विषम असल्यास किंवा एखादी मापनी निरुपयोगी ठरल्यास बदल करता येतो. मात्र बदल, त्याचे कारण आणि तारीख नव्या आवृत्तीत नोंदवावी लागते. आधी न ठरवलेले विश्लेषण निषिद्ध नाही. ते शोधक स्वरूपाचे आहे असे स्पष्ट लिहिले जाते आणि त्याच्याकडे नव्या अभ्यासासाठीची कल्पना म्हणून पाहिले जाते.

भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नवी दिल्ली येथील संस्थेमार्फत ती चालवली जाते. औषध नियंत्रकांनी १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंदणी बंधनकारक केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वी केलेलीच नोंदणी स्वीकारली जाते. प्राथमिक फलित व मोजणीची वेळ या नोंदवहीत सर्वांना पाहता येते. त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या लेखातील फलित मूळचेच आहे की मागाहून बदलले, याची पडताळणी कोणत्याही वाचकाला करता येते.

मर्यादा व टीका

काटेकोर आराखड्यामुळे मापनाचे मूलभूत दोष दूर होत नाहीत. कॉक्रेन संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या संगीताच्या २६ चाचण्या व २,०५१ रुग्ण यांचा विचार केला आहे. संगीत ऐकणाऱ्यांच्या त्या क्षणीच्या चिंतेत नेहमीच्या उपचारापेक्षा सरासरी ५.७२ गुणांची अधिक घट आढळली. तथापि उपाय रुग्णापासून लपवता येत नसल्याने आणि गुण स्वतः रुग्णच देत असल्याने निष्कर्षात पक्षपात शिरण्याची शक्यता आढाव्यात मान्य केली आहे. संशोधकाला बरे वाटावे म्हणून रुग्णाने कमी गुण दिले, तर तो दोष कोणत्याही गणिताने काढता येत नाही.

आराखडा अतिशय तांत्रिक भाषेत लिहिला जातो आणि रुग्ण व परिचारिका यांचा त्यात सहभाग नसतो, अशीही टीका होते. किती गुणांची घट अर्थपूर्ण मानावी, हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. मापनीवरील ५ गुण म्हणजे रुग्णाला रात्री झोप लागणे की केवळ कागदावरील फरक, याचे उत्तर रुग्णांशी बोलूनच मिळते. म्हणून हा किमान फरक ठरवताना रुग्णांचे मत घेण्याकडे कल वाढत आहे.

लहान रुग्णालयांत आणि पदव्युत्तर प्रबंधांसाठी होणाऱ्या अभ्यासांत संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला बहुधा माहिती जमा झाल्यानंतर घेतला जातो. फिशर यांनी १९३८ सालीच एका भाषणात या सवयीवर टीका केली होती. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे हे शवविच्छेदनासाठी बोलावण्यासारखे आहे, अशा आशयाचे त्यांचे विधान होते. चिंतेच्या अभ्यासात मोजणीची वेळ चुकली किंवा सुरुवातीचे गुण घ्यायचे राहिले, तर ती उणीव नंतर भरून काढता येत नाही. म्हणून विश्लेषण आराखड्याचे काम पहिल्या रुग्णाची संमती घेण्यापूर्वी, अभ्यासाच्या मूळ आराखड्याबरोबरच सुरू करावे, असे मानले जाते.